मदत हवी आहे: कॅडमियम सहन करण्याचं जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरचा स्वतंत्र डीएनए) की गुणसूत्रावर?

मुळांजवळच्या मातीतून वेगळा केलेला स्यूडोमोनास जिवाणू २ मिलिमोलर कॅडमियम क्लोराइडमध्ये वाढतो. एसीसी (वनस्पतींतल्या इथिलीन संप्रेरकाचं पूर्वद्रव्य) हा एकमेव नायट्रोजन स्रोत असला तरी वाढतो. कॅडमियमशिवाय १० वेळा उपसंवर्धन (ताज्या माध्यमात पुन्हा वाढवणं) केल्यावर काही वसाहतींची सहनशीलता गेली, एसीसीवरची वाढ मात्र टिकली. कोडं असं की पीसीआरमध्ये सीझेडसीए जनुक (कॅडमियम पेशीबाहेर टाकणाऱ्या पंपाचं) सहनशीलता गेलेल्या आणि टिकलेल्या दोन्ही वसाहतींत दिसतं!

माध्यम ट्रिस बफरचं आहे, फॉस्फेट अगदी कमी, म्हणजे कॅडमियम साक्यात जात नसावं. नेहमीच्या किटने प्लाझ्मिड मिळाला नाही, पण मोठे प्लाझ्मिड त्यात हाती लागत नाहीतच. पूर्ण जीनोम वाचण्याइतका निधी सध्या नाही.

जनुकाची दुसरी प्रत प्लाझ्मिडसोबत गेली, की सीझेडसीआर-सीझेडसीएस या, पंपाची जनुकं चालू करणाऱ्या नियंत्रक जोडीत उत्परिवर्तन झालं? हे ठरवायला आधी एस१ न्यूक्लिएज लावून पल्स्ड-फील्ड जेल (मोठे प्लाझ्मिड दाखवणारी चाचणी) चालवू, की आरटी-क्यूपीसीआर (जनुक किती सक्रिय आहे ते मोजणारी चाचणी) करू?