मुक्त शिक्षण: मोकळीक, की वाऱ्यावर सोडणं?

उंबरठा:
मुक्त ऑनलाइन कोर्सचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ऐकवतं, "पुरा किती जण करतात ते बघा!" अहो, मला संख्याशास्त्रातलं फक्त रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची रीत, एवढंच हवं होतं. तेवढे दोन आठवडे केले, काम भागलं, निघालो. माझी नोंद मात्र गळतीत. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्याला शेवटचं पान वाचलंत का, असं कुणी विचारतं? प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी 1975 साली स्वयं-अध्ययनाची व्याख्या केली. तिच्यात गरज ओळखणं, ध्येय ठरवणं, साधनं शोधणं, जमलं का ते तपासणं, सगळं शिकणाऱ्याकडेच आहे. मग कुठे थांबायचं हेही त्यालाच ठरवू द्या.

खडूफळा:
रिग्रेशनच हवंय हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. मेख तिथेच आहे! नवख्याला आपल्याला काय येत नाही हेच कळत नसतं, तो गरज काय कपाळ ओळखणार? किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा लेख नेमका यावरच आहे. डोक्यात एका वेळी मावतं थोडंच. नव्या विषयात ते 'आधी काय बघू, काय सोडू' यातच खर्च होतं. अशा वेळी पायरी-पायरीने सोडवून दाखवलेलं एक गणित दहा लिंकांपेक्षा कामाचं. सीमेन्स आणि डाऊन्स यांच्या 2008 च्या मुक्त ऑनलाइन कोर्सला फुकट शिकायला दोन हजारांवर लोक आले, साहित्य ठिकठिकाणी विखुरलेलं. त्या पसाऱ्यात हरवल्यासारखं झालं, असं त्यांच्यातल्याच काहींनी सांगितलं.

उंबरठा:
त्याच लेखात पुढे आहे की पूर्वज्ञान पुरेसं झालं की मार्गदर्शनाचा फायदा ओसरू लागतो. ते वाक्य बरं गाळलंत.

अर्धवटराव:
दोघंही माणसांची वाटणी करताय, नवखे आणि मुरलेले. मी दोन्ही आहे. प्रोग्रॅमिंग मी नुसती मॅन्युअलं वाचून शिकलो. त्याच तोऱ्यात गणिती तर्कशास्त्राला हात घातला. तीन महिने व्हिडिओ पाहिले, मान डोलावली, सगळं कळतंय असं वाटलं. कोरा कागद घेऊन एक सिद्धता लिहायला बसलो आणि दुसऱ्या ओळीलाच अडकलो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना लक्षात राहील याची खात्री जास्त, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते मधे न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. नोल्सच्या यादीतलं 'जमलं का ते तपासणं' सगळ्यात अवघड, आणि आपण ते एकट्यावर टाकून मोकळे होतो.

खडूफळा:
मग कोर्समध्येच दर टप्प्याला चाचणी ठेवा. सक्तीची.

उंबरठा:
ठेवा की. पण सक्ती कशाला? उत्तर का चुकलं एवढं नीट सांगितलंत तर मी आपण होऊन देईन.

अर्धवटराव:
मी नसती दिली. तेव्हा तर मुळीच नाही, मला सगळं कळत होतं ना!