परदेशातला शेवटचा दिवस, हातात बॅगा, सुटणारी ट्रेन: तुमचे अनुभव

रिकामी_पिशवी: काल माळ्यावरून जुनी सॅक काढली, तर बाजूच्या कप्प्यात ल्युसर्न ते झुरिक विमानतळाचं तिकीट निघालं. संध्याकाळचं विमान होतं, म्हणून बॅगा स्टेशनातल्या लॉकरात टाकल्या आणि चॅपेल ब्रिजवर गेलो. लाकडी पूल, छताखाली त्रिकोणी चित्रं. 1993 च्या आगीत त्यातली बरीच जळाली. नवरा एकेका चित्रापाशी थांबून खालच्या ओळी वाचतोय (जर्मन ओ की ठो येत नाही!) आणि मी घड्याळ बघतेय. मग सिंहाचं शिल्प राहिलं म्हणून तिकडे पळालो. कड्यात कोरलेला, पाठीत भाला तुटलेला सिंह. 1792 मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांचं स्मारक. जेमतेम दोन मिनिटं मिळाली, पण त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. परत आलो तर लॉकरची चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात आणि नवरा स्वच्छतागृहात. ट्रेन डोळ्यांदेखत गेली. पुढची मिळाली, विमानही मिळालं; पण वाटेत झुगचं तळं लागलं म्हणे, मी बॅगाच मोजत होते.
येऊ द्या तुमचे.

तिसरा_फलाट: चिठ्ठी नवऱ्याकडे दिलीत तिथेच चुकलं 😀

खिडकीशी: पॅरिस. आरईआर बी ह्या लोकलच्या मार्गाला उत्तरेकडे दोन फाटे आहेत, एक विमानतळाला, दुसरा मित्री-क्लेला. आम्ही अर्थातच दुसरीत. बाबा म्हणतायत, "एवढ्या गाडीत एकाकडेही बॅग नाही, सगळे विमानतळावर कामाला आहेत की काय?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली. उलट ऑल्ने-सू-ब्वाला येऊन गाडी बदलली. विमानतळावरही स्टेशनं दोन, टर्मिनल 1 चं वेगळं, 2 चं वेगळं. तिथे मात्र बरोबर उतरलो, बाबांमुळेच.

मावशी_ऑन_व्हील्स: बाबांना नमस्कार सांगा _/\_

झोपाळू: क्योतो ते तोक्यो शिंकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन). फुजी ई सीटकडून दिसतो म्हणून ती मुद्दाम सासूबाईंना दिली. त्या झोपल्या. आठ दिवस ढगात असलेला फुजी नेमका त्या दिवशी लख्ख. हलवून उठवलं तर "आलं का स्टेशन?" म्हणत चपला शोधायला खाली वाकल्या. वर बघेपर्यंत शिन-फुजीच्या कारखान्यांची धुराडी मध्ये. आता फोटो बघून सगळ्यांना सांगतात, "मी पाहिला की!"

खिडकीशी: सांगू द्या हो, गेल्या तर होत्या ना तिथवर

मावशी_ऑन_व्हील्स: आमचा व्हेनिसचा शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. रात्रीत घड्याळं तासभर मागे गेली. फोनने बदललं, ह्यांच्या मनगटाने नाही, आणि आमच्याकडे प्रमाण म्हणजे मनगट! पहाटे स्काल्झी पुलाच्या पायऱ्यांवरून चाक निखळलेली बॅग ओढत सांता लुचिया स्टेशनला पोचलो, तर गाडीला दीड तास. पायऱ्यांवर बसून राहिलो. पण कालव्यावर कुणी नाही, धुकं, एकच व्हापोरेत्तो (तिथली पाण्यावरची बस). चार दिवसांत तेवढं एकच व्हेनिस गर्दीविना बघितलं. घाईत आहे, कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

तिसरा_फलाट: मार्चमधला रविवार असता तर गाडी गेलीच असती मावशी. तेव्हा घड्याळ पुढे जातं.

झोपाळू: मावशी, चाकाचं काय केलंत? माझ्याही बॅगेचं गेलंय, दुरुस्त होतं का?

रिकामी_पिशवी: अरे इथे बॅगांचा दवाखाना झाला 😂

तिसरा_फलाट: तुमच्या सॅकची चेन तरी चालते का अजून?

रिकामी_पिशवी: नाही ना. म्हणून तर माळ्यावर होती.