मॅचच्या रात्री भलत्याच बारमध्ये शिरलात का कधी? अनुभव सांगा

गिरगावचा_बंड्या: काल माळा आवरताना २०११ च्या वर्ल्ड कप फायनलची निळी जर्सी सापडली. खांद्यावर अजून चमकी.

२ एप्रिल, शनिवार. तिकीट कुठलं मिळायला! आम्ही चौघे चर्चगेटजवळ एका दुकानाबाहेर उभं राहून मॅच बघत होतो. धोनीचा तो षटकार गेला आणि कोण कोणाच्या गळ्यात पडलं आठवत नाही. स्टेशनात शिरणं अशक्य, मग घसा ओला करायला कुलाब्याकडे चालत सुटलो. एका पबच्या दारात बाउन्सर म्हणाला, "आज शनिवार आहे, माहितीये ना?" आमचा पक्या म्हणतो, "हो रे, उद्या सुट्टीच!"

आत दहा मिनिटांनी ट्यूब पेटली. सगळे पुरुषच, जोडीजोडीने नाचतायत. पक्या बाटली धरून भिंतीला चिकटला. तेवढ्यात लिपस्टिकवाला एक उंच पोरगा येऊन म्हणाला, "९७ वर असं पुढे येऊन कोण मारतं रे? गंभीरचं शतक गेलं ना!" पक्याची पाठ भिंतीपासून सुटली ती सुटलीच. चमकी त्या पोराचीच.

चहाबाज: व्हूडू का? शनिवारची गे नाईट तिथेच असायची. बंद झालं ना ते?

बंड्या: तेच.

सुगरण_ठाणे: कुकर लावलाय, घाईत लिहितेय. त्या रात्री आमचे दीर गॅलरीत ताट वाजवत होते, ताट सटकून खाली शेजाऱ्यांच्या गाडीवर. विषय वेगळाय, माहितीये.

फास्ट_लोकल: मी होतो त्या रात्री, आतल्या बाजूचा 😄 निळ्या शर्टांचा घोळका शिरला तशी आमच्यातले दोघे गुपचूप मागे सरकले. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सोडवलं होतं, पण कागदाने भीती जाते होय? (२०१३ ला सुप्रीम कोर्टाने तेही फिरवलं.) मग तुमच्यातला एक खुर्चीवर चढून "सच्चिऽन सच्चिन" करायला लागला. सगळ्यात जोरात कोण ओरडत होतं? ते मागे सरकलेले दोघे. आणि "तुम्हालापण क्रिकेट आवडतं?" हे मला तिघांनी विचारलं. अरे, मी शिवाजी पार्कात वाढलोय!

बंड्या: खुर्चीवाला पक्याच 🙏 तिघांपैकी एक बहुतेक मी. सॉरी.

आकडेबहाद्दर: त्या मॅचला टॉस दोनदा झाला होता. गोंगाटात संगकाराचा कॉल ऐकूच आला नाही.

चहाबाज: इथे टॉसचं काय मध्येच

निमा_दादर: माझा भाऊ प्रत्येक मोठ्या मॅचला "मित्रांकडे" जायचा. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ मधून पुन्हा सोडवलं, त्या रात्री जेवताना सांगितलं कुठे जायचा ते. मला काही सुचेना. विचारलं, "तिकडे स्क्रीन मोठा असतो का रे?"

फास्ट_लोकल: 😂😂 मग?

निमा_दादर: म्हणाला, आपल्यापेक्षा मोठा. मग आमटी मागितली.

सुगरण_ठाणे: बंड्या, चमकी धुऊन जायची नाही. चिकटपट्टी लावून ओढ.

आकडेबहाद्दर: काकू, गाडीचे पैसे द्यावे लागले का?

सुगरण_ठाणे: छे! शेजारीच उलट पेढे घेऊन वर आले. ताटाला पोचा आहे अजून.