मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला थंडीत कोणतं ऑइल?

भाऊ, रावेरकडे केळीच्या बागेत मिनी ट्रॅक्टर चालतो आपला. सध्या पहाटे पारा 8-9 वर येतोय आणि सकाळी रोटाव्हेटर उचलायला गेलं की लिफ्ट एकदम जड, लिव्हर ओढला तरी हलत नाही, पंप नुसता घुं घुं करतो, ऊन चढलं की मग बरोबर चालते. फिल्टर नवीन टाकलाय, लेव्हल पण ठीक आहे. गिअर, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक तिघांना एकच ऑइल आहे, म्हणून नुसतं 46 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल टाकायला मन धजत नाही, ब्रेक खराब व्हायचे. आत्ता 20डब्ल्यू-40 ग्रेडचं ऑइल आहे, ते थंडीत जास्त घट्ट होतं. वेट ब्रेकवालं (म्हणजे ऑइल ब्रेकला चालणारं) 10डब्ल्यू-30 यूटीटीओ, म्हणजे गिअर, लिफ्ट, ब्रेक तिघांना एकच चालणारं ट्रॅक्टर ऑइल, टाकलं तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या 45 डिग्रीत पातळ पडेल का? ज्यांनी दोन्ही सीझन वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, पंप जाण्याआधी बदलायचंय.