एकालाच जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय होतो का?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात एका मुलाला डिस्लेक्सिया आहे, तोंडी विचारलं की धडाधड सांगतो पण पेपर वाचण्यातच त्याचा अर्धा वेळ जातो. नियमाप्रमाणे त्याला जादा वेळ मिळतो. आता बाकीची मुलं आणि काही पालकसुद्धा विचारतात, मग आम्हाला का नाही? समान म्हणजे सगळ्यांना सारखंच ना? त्याला वेळ मिळायलाच हवा हे मला पक्कं माहितीये पण चार लोकांना पटेल असं सांगता येत नाही. शिवाय एक मुलगी श्रवणयंत्र लावते, तिला पहिल्या बाकावर बसवलंय, अजून काय करू?

सरळरेघ:
पालकांना उलटा प्रश्न विचारा, पेपर कशाचा आहे? विज्ञानाचा असेल तर वाचनाचा वेग मोजायचं कारणच काय? टायपिंगच्या परीक्षेत वेग हाच विषय असतो, तिथे घड्याळ हवंच. तुमच्या पेपरात ते नुसतं सवयीने आलंय. आणि जादा वेळ ही मेहरबानी नाहीये हो, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे त्यात अशी वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय.

माझं ऐकाल तर घटक चाचणी तुमच्या हातात असते, तिथे प्रश्नच कमी करा, इतके की बहुतेकांचं निवांत लिहून होईल. भांडणातली निम्मी हवा तिथेच जाते. मात्र तरीही ज्याला जादा वेळ लागतो त्याचा तो काढून घेऊ नका, पेपर छोटा केला म्हणून त्याची अडचण संपत नाही.

कानोसा:
मी लहानपणापासून श्रवणयंत्र लावतो म्हणून सांगतो, पहिला बाक पुरत नाही. यंत्र सगळंच मोठं करतं, तुमचा आवाज, पंखा, मागे सरकवलेला बाक, सगळं. त्यामुळे आम्ही निम्मं ओठांवरून भरून काढतो आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की ते निम्मं गेलंच. आधी लिहा, मग वळून बोला. मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं तर ते तुम्ही परत म्हणा, याचा फायदा तर अख्ख्या वर्गाला होतो. व्हिडिओ लावताना सबटायटल्स चालू ठेवा पण आपोआप येणारी असतील तर एकदा आधी बघून घ्या, शास्त्रीय शब्दांची त्यात पार वाट लागते.

आणि कृपा करून सगळ्यांसमोर "ऐकू आलं ना?" विचारू नका. मूल हो म्हणतं. प्रत्येक वेळी हो म्हणतं. त्यापेक्षा "आता काय करायचंय, सांग बरं" असं विचारा, दोन सेकंदांत कळेल.

उंबरठा:
वरचं सगळं पटलं, फक्त एका गोष्टीने सगळ्यांचं भागतं असं मात्र धरू नका. फुटपाथची कड उतरती केली की व्हीलचेअर, बाळाची गाडी, चाकाची बॅग सगळ्यांची सोय होते. पण पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाला रस्ता कुठे सुरू होतो हे त्या कडेवरूनच कळायचं, ती खूण गेली. म्हणून तिथे उंचवट्यांच्या टाइल्स लावाव्या लागतात. सेइइची मियाके यांनी काढलेल्या या टाइल्स जपानमध्ये ओकायामा शहरात १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवल्या. आता त्याच उंचवट्यांवरून व्हीलचेअरला हादरे बसतात! म्हणजे कुठे लावायच्या, किती लावायच्या हे वापरणाऱ्यांना विचारूनच ठरवावं लागतं. वर्गातही तेच, त्या मुलाला आणि मुलीला बाजूला घेऊन निवांत विचारा, त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात, विचारत कोणी नाही.

खडूफळा:
मनापासून आभार. पुढच्या चाचणीत प्रश्न कमी करतेय आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं आजपासून बंद. अजून एक, नोट्स मी हाताने लिहून स्कॅन करून पाठवते, चालेल ना?

सरळरेघ:
नको. स्कॅन म्हणजे फोटोच झाला, वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला त्यात अक्षरं सापडतीलच असं नाही, हाताचं लिखाण असेल तर फारच अवघड. टाईप करून पाठवा, म्हणजे तुमच्या त्या मुलाला ऐकताही येईल आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल. आकृत्यांमध्ये नुसता लाल आणि हिरवा रंग वापरून फरक दाखवू नका, प्रत्येक भागावर नाव लिहा, वर्गात कोणाला ते दोन रंग सारखे दिसत असतील तर बऱ्याचदा त्या मुलालाही ते माहीत नसतं.