मदत हवी आहे: अपोलो ११ च्या तयारीचे फोटो प्रिंटला फुटतायत, मोठ्या फाइल कुठे मिळतील?

नभांगण (धागाकर्ता):
नासाच्या साइटवरून अपोलो ११ च्या तयारीचे १२ फोटो उतरवले. प्रिंटवाला म्हणतो सगळे फुटतायत, "ओरिजिनल आणा". शुक्रवारी सकाळी फाइल द्यायच्या आहेत, रविवारी प्रदर्शन लागतंय. रॉकेट त्या मोठ्या इमारतीतून बाहेर पडतं, पॅडवर चढतं, अंतराळवीर सूट घालून व्हॅनकडे चालत जातात, असे फोटो हवेत. चंद्रावरचे नकोत, ते सगळ्यांनी पाहिलेत. मोठ्या साइझचे कुठे मिळतील? पैसे भरावे लागले तरी चालतील. "गुगल करा" असं कृपया सांगू नका, तीन दिवस तेच चाललंय.

पिक्सेलमोजणी:
प्रिंट केवढी? फ्लेक्स, व्हिनाइल की फोटोपेपर? माणसं किती अंतरावरून बघणार? आणि हातात आहेत त्या फाइल किती पिक्सेलच्या? एवढं सांगा, मग बोलता येईल.

चित्रसुधारक:
शोधत बसू नका. एआय अपस्केलर घ्या, चौपट करा, १२ फोटो अर्ध्या तासात तयार. शुक्रवार गाठायचा तर हाच रस्ता.

इस्रोवेडा:
इस्रोचं प्रदान पोर्टल बघा. चांद्रयान २ च्या ओएचआरसी कॅमेऱ्याच्या प्रतिमा मिळतात, साधारण पाव मीटरला एक पिक्सेल इतक्या बारीक. नोंदणी करावी लागते, फाइल पीडीएस४ या शास्त्रीय माहितीच्या स्वरूपात येतात.

नभांगण:
@इस्रोवेडा, मला चंद्राचा पृष्ठभाग नकोय हो, जमिनीवरची तयारी हवी आहे.
@पिक्सेलमोजणी, साइझ नेहमीचीच, ३ बाय २. सनबोर्डवर. फाइल जेपीजी आहेत, मोबाइलवर एकदम स्पष्ट दिसतात.

पिक्सेलमोजणी:
३ बाय २ फूट म्हणजे ३६ बाय २४ इंच. मोबाइलवर स्पष्ट दिसण्याचा इथे काही उपयोग नाही. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. रुंदी-उंचीचे आकडे आणि फाइलचं पूर्ण नाव इथे टाका.

नभांगण:
१०२४ बाय ८१९. बाकीच्याही साधारण तेवढ्याच. नावाच्या शेवटी सगळीकडे 'मीडियम' आहे.

जुनीनिगेटिव्ह:
सापडलं. नासाच्या इमेज अँड व्हिडिओ लायब्ररीच्या (२०१७ पासून आहे ती) पानावर समोर दिसतं ते मधल्या मापाचं चित्र असतं. त्यावर राइट क्लिक करून सेव्ह केलं की तेच उतरतं. पानावरचं डाउनलोडचं बटण उघडा, यादीतून 'ओरिजिनल' निवडा. बटण चाललं नाही तर चित्राच्या पत्त्यात टिल्डच्या (~) चिन्हानंतर 'मीडियम' आहे तिथे 'ओरिग' करा आणि एंटर. (इथे देवनागरीत लिहितोय, पत्त्यात अर्थात रोमन अक्षरं.) पान सापडलंच नाही असं आलं तर मूळ फाइल जेपीजी नसून टिफ किंवा पीएनजी असू शकते. तेव्हा लायब्ररीच्या एपीआयच्या (प्रोग्रामना माहिती देणाऱ्या सेवेच्या) पत्त्यापुढे 'ॲसेट', स्लॅश आणि फोटोची खूण, म्हणजे नासाने त्याला दिलेला अक्षर-आकड्यांचा क्रमांक, जशीच्या तशी टाका. त्या फोटोच्या असतील तेवढ्या सगळ्या फाइलींची यादी येते.

एक मात्र आधीच सांगतो. 'ओरिजिनल' म्हणजे त्या लायब्ररीत चढवलेली सगळ्यात मोठी फाइल, निगेटिव्हचा सर्वोत्तम स्कॅन नव्हे. १९६९ चे काही फोटो ३००० पिक्सेलचे मिळतील, काही त्याहून बरेच लहान.

आणि पैसे कुणाला देऊ नका. हेच फोटो विकणाऱ्या स्टॉक एजन्सी आहेत, पण नासाच्या स्वतःच्या फोटोंवर साधारणपणे कॉपीराइट नसतो.

कोरलवाला:
३००० पिक्सेलने काय होणार? प्रिंटला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतंच. ३६ बाय २४ ला १०८०० बाय ७२०० पिक्सेल हवेत. तेवढे नसतील तर पॅनेल लहान करा.

पिक्सेलमोजणी:
३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या मासिकाचा आहे, भिंतीवरच्या पॅनेलला तो लावू नका. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) बारकावा कळतो. हिशेब केला तर अर्ध्या मीटरवरून १७५ डीपीआय, एक मीटरवरून ८७, दोन मीटरवरून ४४ पुरतात. ३००० पिक्सेलची फाइल ३६ इंचांवर ८३ डीपीआय देते. पॅनेलपुढे मीटरभरावर दोरी बांधली तर कुणाला फरक कळणार नाही. धागाकर्त्यांच्या १०२४ च्या फाइलीला मात्र २८ डीपीआयच मिळतात. प्रिंटवाला बरोबर बोलतोय.

चित्रसुधारक:
म्हणूनच म्हणतोय, चौपट करा, १०२४ चे ४०९६ होतील.

जुनीनिगेटिव्ह:
या फोटोंना तर अजिबात नको. त्यात काय आहे ते बघा: लाँचरचा जाळीदार लाल टॉवर, टॉवरपासून रॉकेटपर्यंत जाणारे ९ स्विंग आर्म (बाजूला सरकणारे पूल), त्यांचे कठडे, केबलींचे जुडगे, रॉकेटवर उभी लिहिलेली अक्षरं. अपस्केलर नेमकं हेच मनाने रचतो. आडव्या-तिरप्या पट्ट्या एकमेकींत वितळतात, कठड्याला नसलेला गज फुटतो, 'युनायटेड स्टेट्स'मधलं एखादं अक्षर वेगळंच होऊन बसतं. आकाशात किंवा गवतात ते खपून जाईल. पण प्रदर्शनात मुलं बोट ठेवून विचारणार, "हे काय आहे?" तिथे अस्सल वस्तूच दिसली पाहिजे.

वाढवायचंच असेल तर ओरिजिनल फाइल फोटो-सॉफ्टवेअरमधल्या साध्या 'बायक्युबिक' पद्धतीने दीडपट-दुप्पट करा, तीक्ष्णपणा अगदी थोडा. आधी १०० टक्के झूमवर बघा. बारीक, वेडावाकडा दाणा दिसला तर तो फिल्मचा, त्याला हात लावू नका. ८ बाय ८ पिक्सेलचे सरळ चौकोन दिसले तर ती जेपीजीची दाबलेली फाइल, तिचा नाद सोडून दुसरी प्रत शोधा.

क्रॉलरवे:
दुसरी प्रत कशी शोधायची ते सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. फोटोच्या नावाने शोधू नका, खुणेने शोधा. एकच फोटो पाच ठिकाणी पाच नावांनी असतो, खूण तीच राहते.

केएससी-६९पीसी आणि पुढे आकडा असेल तर केनेडी स्पेस सेंटर, १९६९, रंगीत. एस६९ आणि पुढे पाच आकडे असतील तर ह्यूस्टन. नुसते सात आकडे असतील तर बहुतेक मार्शल सेंटरचा, आणि पहिले दोन बहुधा वर्षाचे. एएस११-४०-५९०३ अशी खूण असेल तर तो मोहिमेतल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याचा: अपोलो ११, ४० नंबरचं मॅगझिन (फिल्मची डबी), ५९०३ वी फ्रेम. हे चौथ्या प्रकारचे तुम्हाला नकोच आहेत. म्हणून फ्लिकरवरच्या प्रोजेक्ट अपोलो आर्काइव्हमध्येही वेळ घालवू नका. २०१५ साली तिथे ८४०० च्या वर फोटो एकदम चढले, उत्तम स्कॅन आहेत, पण ते मोहिमेतल्या मॅगझिनचे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मार्च टू द मूनचंही तेच, तिथेही यानातून परत आलेली फिल्म आहे.

जमिनीवरच्या तयारीसाठी अपोलो लूनर सर्फेस जर्नलची अपोलो ११ इमेज लायब्ररी उघडा. नाव चंद्राचं असलं तरी सुरुवातीला सराव, जोडणी, रोलआउट (रॉकेट इमारतीतून बाहेर पडणं), वॉकआउट (अंतराळवीर व्हॅनकडे जाणं) असं सगळं खुणेसकट लावलेलं आहे. एकेका फोटोची तारीख आणि वर्णन लोकांनी वर्षानुवर्षं तपासून दुरुस्त केलंय. तिथून खूण घ्या, तिथली मोठी फाइल आणि नासा लायब्ररीतली ओरिजिनल शेजारी शेजारी उघडा, जी मोठी आणि कमी दाबलेली ती ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवरही खूण टाकून बघा. केनेडी आणि ह्यूस्टनच्या जुन्या गॅलऱ्या बंद झाल्यात, त्यांची लिंक मेलेली निघाली तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपणारी साइट) टाका.

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये २५५ नंबरच्या गटात नासाचे कागद-फोटो आहेत, पण तिथून नवा स्कॅन मागवून शुक्रवार गाठता येणार नाही.

इस्रोवेडा:
प्रदर्शन आपल्याकडे आहे तर थुंबाचा सायकलवरून रॉकेटचा पुढचा भाग नेतानाचा फोटो लावाच. आणि बैलगाडीवरचा ॲपल उपग्रहसुद्धा.

जुनीनिगेटिव्ह:
अवांतर आहे, पण महत्त्वाचं. सायकलचा तो फोटो इस्रोचा नाही. तो आंरी कार्तिए-ब्रेसाँचा, हक्क मॅग्नम या फोटो एजन्सीकडे. नेटवर हजार ठिकाणी फुकट दिसतो म्हणून तो मुक्त होत नाही, परवानगीशिवाय लावू नका. बैलगाडीवरचा ॲपल १९८१ चा, तो इस्रोचा. अँटेनाच्या चाचणीला आजूबाजूला धातू नको होता म्हणून लाकडी गाडी घेतली होती, हे फोटोखालच्या ओळीत लिहा, नाहीतर लोक त्याला गरिबीचं चित्र समजतात. इस्रोची कॉपीराइटची अट नासापेक्षा वेगळी आहे, ती त्यांच्या साइटवर वाचूनच वापरा.

कोरलवाला:
हक्कांचं निघालंच आहे तर, नासा मुख्यालयाच्या फ्लिकर खात्यावर बिनव्यापारी वापराची अट लिहिलेली असते. मग "कॉपीराइट नसतो" कसं?

जुनीनिगेटिव्ह:
ती अट त्या खात्यावर आहे. नासाचं सर्वसाधारण माध्यम-धोरण मोकळं आहे. प्रदर्शनाला तिकीट नसेल तर दोन्हींत बसतं. तीन गोष्टी पाळा: फोटोखाली 'नासा' असं श्रेय, नासाचा गोल लोगो पॅनेलवर सजावटीला नको, आणि अंतराळवीराचा चेहरा प्रायोजकाच्या जाहिरातीशेजारी नको.

कोरलवाला:
पटत नाही. जिथून घेतलं तिथली अट लागू, असंच मी धरेन.

क्रॉलरवे:
१९६९ चे फोटो त्या खात्यावरून घ्यायची गरजच नाही, लायब्ररीतून घ्या, वाद मिटला.

नभांगण:
ओरिग करून ९ फोटो मिळाले, ३००० च्या आसपास आहेत. दोन जर्नलमधून घेतले. पण प्रिंटवाल्याला आत्ता पाठवले तर तो म्हणतो अजून फुटतायत! १०० टक्क्यांवर माझ्याकडे छान दिसतात. आता काय?

कोरलवाला:
पाठवले कसे?

नभांगण:
व्हॉट्सॲपवर, नेहमीसारखे.

कोरलवाला:
तिथेच गेलं सगळं. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो १६०० पिक्सेलच्या आसपास आणतं आणि वरून दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा. फाइल उघडून पुन्हा पुन्हा जेपीजी सेव्ह करू नका. एकदाच माप ३६ बाय २४ इंच लावून टिफ करा, रंग आरजीबीच (स्क्रीनचे) ठेवा, सीएमवायके (छपाईचे रंग) त्याच्या मशीनला करू दे. १०२४ बाय ८१९ म्हणजे ५:४, तुमचं पॅनेल ३:२. तो ताणून बसवेल आणि रॉकेट जाड दिसेल. ताणू नका, डावी-उजवीकडे पांढरी जागाही सोडू नका, क्रॉप करा. उभ्या रॉकेटचे फोटो २ बाय ३ उभे छापा. फ्लेक्स नको, इको-सॉल्व्हेंट व्हिनाइल, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेतलं तर हॉलच्या ट्यूबलाइट फोटोत दिसतील. सगळे छापण्याआधी एका फोटोतली ६ इंचांची पट्टी मूळ मापात काढून बघा.

पिक्सेलमोजणी:
अनुमोदन. पट्टी टॉवरच्या जाळीची काढा, आकाशाची नको. आणि रंग बघून घ्या. जुन्या फिल्मच्या स्कॅनवर जांभळट झाक असते. रॉकेटच्या पांढऱ्या रंगावर तोल साधा, पण सकाळच्या उन्हातला फोटो असेल तर किंचित पिवळेपणा राहू द्या. टॉवर तपकिरी दिसू लागला तर जास्त झालं, तो लालच होता.

नभांगण:
पट्टी काढली, कठडेसुद्धा सुटे सुटे दिसतायत! मनापासून आभार. शेवटची शंका. एका रोलआउटच्या फोटोत रॉकेटच्या खालच्या टप्प्यावर मधोमध रुंद काळा पट्टा आहे, बाकीच्यांत तिथे पांढरं आहे. स्कॅनमधला दोष का?

क्रॉलरवे:
दोष नाही, रॉकेटच दुसरं आहे. ते ५००-एफ. कधीच उडालं नाही. इमारत, क्रॉलर (रॉकेट पॅडवर नेणारं अवाढव्य वाहन), पॅड, इंधनाच्या वाटा एकमेकांत बसतात का हे तपासायला बनवलेलं. २५ मे १९६६ ला बाहेर काढलं. तो काळा पट्टा पहिल्या टप्प्याच्या दोन टाक्यांमधल्या भागावर आहे. काळ्या रंगाने आत फार तापायचं, म्हणून उडणाऱ्या रॉकेटांवर तो भाग पांढरा ठेवला. नेटवर हा फोटो 'अपोलो ११' म्हणून सर्रास फिरतो.

तुमचं रॉकेट एएस-५०६. ते २० मे १९६९ ला इमारतीतून निघालं, अपोलो १० उडाल्यावर दोनच दिवसांनी. अपोलो १० पॅड ३९बी वरून गेलं, ११ चं पॅड ३९ए, म्हणून वर्णनात ३९बी दिसलं तरी तो फोटो बाजूला काढा. आणि रॉकेटला चहूबाजूंनी कवटाळून उभा असलेला दुसरा जाळीदार सांगाडा दिसला तर तो जागेवरून हलवता येणारा सर्व्हिस टॉवर. रोलआउटला तो नसतो, पॅडवर नंतर आणतात आणि उड्डाणाआधी काही तास मागे नेतात. त्यावरून पॅनेलांचा क्रम लावता येईल.

नभांगण:
म्हणजे तो फोटो काढून टाकू?

क्रॉलरवे:
काढू नका, सगळ्यात पहिला लावा. खाली लिहा: "५००-एफ, चाचणीचं रॉकेट, २५ मे १९६६." शेजारी २० मे १९६९ चा एएस-५०६. काळा पट्टा कुठे गेला ते मुलं स्वतः शोधतील.