बॅकअपची स्क्रिप्ट गंडते पण एरर देत नाही, एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे यशस्वी) कसे पकडता?

धागाकर्ता: मंडळी, सल्ला हवाय. ऑफिसच्या सर्व्हरवर मीच लिहिलेली बॅश स्क्रिप्ट आहे, रात्री २ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालते, मायएसक्यूएलडंपने डेटाबेसची प्रत घेऊन पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) जीझिपला दाबायला देते, २१ दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवते आणि लॉगमध्ये 'बॅकअप झाला' लिहिते. परवा एक टेबल रिस्टोअर करायला गेलो तर सगळ्या फाइली बरोब्बर २० बाइटच्या! डेटाबेसचा पासवर्ड महिन्यापूर्वी बदलला, मला कोणी सांगितलंच नाही, आणि आधीच्या चांगल्या फाइली स्क्रिप्टनेच पुसून टाकल्या. वरती सेट -ई (कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबवणारं सेटिंग) आहे हो, मग थांबली का नाही?

प्रतिसाद १: २० बाइट म्हणजे रिकाम्या इनपुटची जीझिप. पाइपचा एक्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो, तुमचा डंप २ देऊन मेला पण जीझिपने मिळालं ते (म्हणजे काहीच नाही) नीट दाबून ० दिला, सेट -ई बिचाऱ्याला तो ०च दिसला. सेट -ओ पाइपफेल लावा, मग पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कोड फेलचा येतो.

प्रतिसाद २: आणि क्रॉनच्या ओळीत 'एसएच' लिहून स्क्रिप्ट चालवत असाल तर ते बदला. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश, बॅशपेक्षा वेगळं, साधं शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), फाइलच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं असलं तरी मग त्याला कोण विचारतो. जुन्या डॅशला पाइपफेल कळतच नाही.

प्रतिसाद ३: सेट -ई वर फार विसंबू नका राव. फंक्शन इफच्या अटीत टाकलं किंवा त्याच्यानंतर दोन उभ्या दांड्या (||, म्हणजे 'फेल झालं तर हे कर') लावल्या की त्या फंक्शनच्या आत सेट -ई चालतच नाही, आतली कमांड फेल झाली तरी गाडी पुढे. मी एकदा अख्खी दुपार घालवलीय 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवणारी कमांड) पायी, एकाच ओळीत लोकल व्हेरिएबल बनवून त्यात कमांडचं आउटपुट भरलं तर कमांड पडली तरी कोड लोकलचा येतो, म्हणजे ०. आता आधी लोकल, खालच्या ओळीत कमांड, असंच लिहितो.

प्रतिसाद ४: डंप आधी टेंपररी नावाने घ्या, पास झाला तरच एमव्ही (नाव बदलायची कमांड) करून खरं नाव द्या, जुन्या फाइली त्यानंतरच उडवा. आणि जीझिप -टी (दाबलेली फाइल शाबूत आहे का ते तपासणं) करून निवांत झोपू नका दादा, तुमची २० बाइटची फाइलही त्यात पास होते! डंप पूर्ण झाला की मायएसक्यूएलडंप शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशी ओळ टाकतो, झेडकॅटने फाइल उलगडून टेलने (शेवटच्या ओळी दाखवतो) ती ओळ तपासा.

धागाकर्ता: पाइपफेल लावून मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला, थांबली एकदाची, कोड २. पण आता बरोबर पासवर्ड असला तरी दुसरीकडेच अडकते, जिथे लॉगमध्ये ग्रेपने 'एरर' शोधतो तिथे. एरर नाही म्हणून स्क्रिप्ट मरते, काय हा न्याय!

प्रतिसाद १: ग्रेपला काही सापडलं नाही तर १, खरीच गडबड असेल तर २. ग्रेप इफमध्ये टाका आणि १ आला तर पुढे जाऊ द्या. सरसकट 'ऑर ट्रू' (|| true, काहीही झालं तरी यशस्वी धरणारं) मात्र लावू नका, २ पण गिळाल.

धागाकर्ता: तेच टाइप करत होतो 😅 पुसलं.